लायब्ररी म्युझिकवर घर चालवायचं असेल तर आधी कामाचा क्रम बदला

दर महिन्याला दोघं-तिघं तरी ट्रॅकची लिंक पाठवून विचारतात, "दादा, हे कुठल्या लायब्ररीला पाठवू?" लायब्ररी म्हणजे तयार पार्श्वसंगीत जमवून ते टीव्ही, जाहिराती, माहितीपटवाल्यांना परवान्यावर देणारी कंपनी. ट्रॅक बहुतेक वेळा चांगला असतो. मग मी तीन गोष्टी विचारतो. आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सदस्यत्व झालंय का? स्टेम, म्हणजे ताल, बेस, चाल अशा गटांच्या सुट्या फाइली, वेगळे काढलेत का? मधला तो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा, कुठून उचललाय? तिन्हींवर उत्तर एकच येतं: "ते नंतर बघतो."

या 'नंतर'मध्येच पैसे बुडतात. चाळीस ट्रॅक आधी, लायब्ररीचा शोध मग, सही घाईत आणि कागद सगळ्यात शेवटी, असा क्रम लोक लावतात. खाली मी तो उलटा मांडलाय. सॉफ्टवेअर कसं चालवायचं किंवा मिक्स कसा करायचा हे इथे सापडणार नाही, ते तुम्हाला येतं असं धरलंय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा: पैसे दोन वाटांनी येतात

पहिली वाट परवाना शुल्काची, म्हणजे सिंक फीची. एखाद्या व्हिडिओ एडिटरने तुमचा ट्रॅक जाहिरातीला किंवा माहितीपटाला घेतला की लायब्ररीला फी मिळते आणि करारात ठरलेला वाटा तुमच्याकडे येतो. दुसरी वाट प्रसारणाच्या रॉयल्टीची. वाहिनीवर ट्रॅक वाजला की वाहिनी त्या देशातल्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीला पैसे देते. ते दोन भागांत वाटले जातात, रायटर्स शेअर आणि पब्लिशर्स शेअर, आणि सर्वसाधारणपणे निम्मे-निम्मे. पब्लिशर्स शेअर लायब्ररी घेते. रायटर्स शेअर तुमचा, आणि तो सोसायटीकडून थेट तुमच्या खात्यात येतो.

दोन्ही वाटा संथ आहेत. तुम्ही ट्रॅक दिल्यावर लायब्ररी तो काही महिन्यांनी प्रसिद्ध करते. पुढे तो कुणाच्या तरी नजरेस पडायला हवा, कार्यक्रम प्रसारित व्हायला हवा, क्यू शीट (कार्यक्रमात काय वाजलं याची यादी) जायला हवी आणि सोसायटीचं वाटप व्हायला हवं. आज दिलेल्या ट्रॅकची रॉयल्टी दीड-दोन वर्षांनी दिसली तर ती वेळेवर आली असं समजा. तोवर जिंगल, पेटीच्या शिकवण्या, ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड, जे चालू आहे ते चालूच ठेवा. नोकरी सोडून मग लायब्ररीचं काम सुरू केलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत, दोघांनीही वर्षभरात परत नोकरी धरली.

१. कागद: पहिला ट्रॅक पाठवण्याआधी

आयपीआरएसचं म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या, संगीतकार म्हणून. पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेचा तपशील, वारसाचं नाव एवढं हाताशी ठेवा. परदेशातल्या सोसायट्यांशी आयपीआरएसचे परस्पर करार आहेत, त्यामुळे लंडनच्या वाहिनीवर वाजलेल्या ट्रॅकची रॉयल्टीसुद्धा फिरून इथे येऊ शकते. काही जण इंग्लंडच्या पीआरएसचं किंवा अमेरिकेतल्या एखाद्या सोसायटीचं सदस्यत्व थेट घेतात. चालतं. मात्र एकाच प्रदेशासाठी एकच हक्क दोन सोसायट्यांना देता येत नाही.

सदस्यत्वाबरोबर आयपीआय नंबर मिळतो. जगभरच्या सोसायट्या तुम्हाला या नंबराने ओळखतात. पॅनवर एक नाव, यूट्यूबवर दुसरं आणि ट्रॅकवर 'अमुक बीट्स', अशी तीन नावं असतील तर टोपणनावाचीही नोंद करून घ्या. क्यू शीटवर टोपणनाव आहे, नंबर नाही, अशा पैशाला मालक सापडत नाही.

आता डब्ल्यू-८बीईएन, अमेरिकेच्या करखात्याचा फॉर्म. अमेरिकन लायब्ररी पैसे देण्याआधी हा फॉर्म मागते. त्याच्या दुसऱ्या भागात भारत-अमेरिका कर करारातल्या कलम १२ चा दावा लिहायचा असतो. तो भाग रिकामा सोडला की रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात, भरला की १५ टक्के. परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन लिहायचा. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत फॉर्म चालतो. २०२६ मध्ये सही केलीत तर २०२९ अखेरपर्यंत. पुढे नवा भरायचा. लायब्ररी आठवण करून देईलच याची खात्री नाही.

> तपासा: आयपीआय नंबर, पॅनवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव, टोपणनाव. चारही एका कागदावर लिहा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

२. लायब्ररी: एका ट्रॅकला एकच घर

एक्स्क्लुझिव्ह लायब्ररीला दिलेला ट्रॅक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, बदल्यात ती तो वाहिन्यांपर्यंत नेते. नॉन-एक्स्क्लुझिव्हमध्ये तोच ट्रॅक इतरत्र देता येतो. तिसरा प्रकार सदस्यत्वावर किंवा 'रॉयल्टी-फ्री' तत्त्वावर चालणाऱ्या साइट्सचा. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे घेणाऱ्याने एकदाच पैसे भरायचे. तुम्हाला प्रसारणाची रॉयल्टी मिळणार की नाही, हे त्या शब्दावरून ठरत नाही, करारावरून ठरतं. काही सेवा एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेतात. ते वाईटच असं मी म्हणणार नाही. घराचा हप्ता थकला असेल तर एकरकमी पैसेही पैसेच. आपण काय विकतोय हे माहीत असलं म्हणजे झालं.

माझं मत विचाराल तर टीव्हीसाठीचं काम एक्स्क्लुझिव्हला द्या आणि यूट्यूबवाल्यांना उपयोगी पडणारं हलकंफुलकं काम नॉन-एक्स्क्लुझिव्हला. एकच ट्रॅक दहा ठिकाणी टाकण्याचा मोह आवरा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायब्ररी बऱ्याचदा ट्रॅकचं नाव बदलून आपल्या नावावर नोंदवतात. मग एकच सूर पाच नावांनी बाजारात फिरतो आणि कुठल्या नोंदीचे पैसे कुणाला द्यायचे यावर घोळ होतो.

> सावध: लायब्ररीत असलेला ट्रॅक डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग साइटवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, स्पॉटिफायवर टाकायचा असेल तर आधी लायब्ररीला विचारा. आणि कंटेंट आयडीच्या (यूट्यूबवर आपलं संगीत ओळखून त्या व्हिडिओवर आपल्या नावाने हक्क सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) चौकोनात टिक करू नका.

हे मी स्वतः करून बसलोय. दोन ट्रॅक एका नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायब्ररीत होते. तेच मी डिस्ट्रिब्युटरकडे टाकले आणि रात्री एक वाजता, डोळे मिटत असताना, दिसेल त्या चौकोनात टिक केली. तीन आठवड्यांनी लायब्ररीच्या गिऱ्हाइकाच्या व्हिडिओवर क्लेम लागला, माझ्याच नावाने. ज्याने पैसे भरून संगीत घेतलं त्यालाच मी चोर ठरवलं होतं. क्लेम मागे घ्यायला नऊ दिवस लागले. त्या लायब्ररीने माझे सगळे ट्रॅक काढून टाकले आणि माझ्या माफीच्या ईमेलला उत्तरही दिलं नाही. चूक त्यांची नव्हती.

३. काय करायचं: वही घेऊन टीव्हीसमोर बसा

एक संध्याकाळ द्या. पाककृतीचा कार्यक्रम, गुन्ह्यांच्या सत्यकथा, शेतीविषयक कार्यक्रम, सराफांच्या जाहिराती, सहकारी बँकेची माहितीफीत. प्रत्येक ठिकाणी मागे काय वाजतंय ते लिहा: लय, वाद्यं, किती सेकंदांनी बदल होतो, निवेदन सुरू झाल्यावर काय गायब होतं. आपण पाठवलेलं संगीत यातल्या कुठल्या जागी बसेल, हे सांगता आलं नाही तर तो ट्रॅक लायब्ररीचा नाही. गाणं म्हणून तो उत्तम असू शकतो.

लायब्ररी अल्बमच्या हिशेबात विचार करतात. एका विषयाचे दहा-बारा ट्रॅक त्यांना हवे असतात. वेगवेगळ्या मूडचे बारा सुटे तुकडे कुणाला नको असतात.

परदेशी लायब्ररींच्या 'इंडिया' कप्प्यात सतार, तबला आणि नाचाची गाणी खच्चून भरलीत. संबळ, हलगी, तुणतुणं, दिमडी, तुतारी, गोव्याचं घुमट, हे तिथे फार कमी आहे. पण वाद्य दुर्मिळ आहे एवढ्यावर कुणी ट्रॅक घेत नाही. त्या वाद्याला काम द्या. संबळ पाठलागाच्या दृश्याखाली भन्नाट चालतो. तुणतुण्याच्या एका तारेवर अख्खा विनोदी प्रसंग उभा राहतो. 'महाराष्ट्राचं लोकसंगीत' या नावाचा अल्बम शोधत कुणी येत नाही. 'ताण, ग्रामीण, चोरपावलं' असं शोधत मात्र एडिटर रोज येतो.

पारंपरिक चालींबाबत सांभाळा. ओवी किंवा भारूड परंपरेतलं असलं तरी तुमच्या कानात जी चाल बसलीय ती कुठल्या तरी संगीतकाराने बांधलेली असू शकते. आपल्याकडे संगीतरचनेचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. शंका असेल तर चाल सोडा आणि ठेका ठेवा.

या टप्प्यावर तीनच ट्रॅक पूर्ण करा. बारा नकोत. का ते सातव्या टप्प्यात.

४. सेशन: रेकॉर्डिंगच्या दिवशीच पुढची कटकट वाचवा

सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. व्हिडिओवाल्यांचं काम ४८ वर चालतं, ४४.१ वर सुरू करून शेवटी बदलत बसू नका. पहिल्याच दिवशी ताल, बेस, सूर-साथ, मुख्य चाल, ठसके (छोटे ठळक आवाज) अशा वेगळ्या बस, म्हणजे एका गटाचे आवाज एकत्र नेणाऱ्या वाटा, बांधा आणि प्रत्येक आवाज आपापल्या बसमधूनच जाऊ द्या. रिव्हर्बसुद्धा, म्हणजे घुमारासुद्धा, प्रत्येक बसचा वेगळा. सगळ्यांचा एकच रिव्हर्ब ठेवलात की स्टेम काढताना ढोलकीच्या स्टेममध्ये बासरीची शेपटी ऐकू येते.

पेटी ट्यूनरवर धरून बघा. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या जरा वर लागलेल्या असतात, एकटी असताना ते कळत नाही. सिंथच्या पॅडवर ठेवली की दात आंबतात.

लूप आणि सॅम्पलचे परवाने वाचा. तयार लूप गाण्यात वापरायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. पण तो एकटाच, उघडा वाजत असेल तर अडचण, आणि स्टेममध्ये तो नेमका उघडा पडतो. काही सॅम्पल लायब्ररींच्या परवान्यात तर प्रॉडक्शन म्युझिकसाठी, म्हणजे याच लायब्ररीच्या कामासाठी, वेगळी परवानगी मागितलेली असते. शक्य तिथे स्वतः वाजवा किंवा वाजवून घ्या.

वाजवून घेतलंत तर संमतिपत्र त्याच दिवशी. साधं एक पान पुरतं: वादकाचं नाव, तारीख, वाद्य, ट्रॅकचं नाव, दिलेलं मानधन, आणि हे वादन जगभर सर्व माध्यमांत वापरायला त्याची परवानगी. चहा झाला की सही, सही झाली की पैसे. भारतीय कायद्यात वादकालाही सादरकर्ता म्हणून हक्क आहेत, 'आपला माणूस आहे' एवढ्यावर लायब्ररीचं समाधान होत नाही. हलगीवाला हंगामात जत्रांना निघाला की चार महिने फोनवर सापडत नाही, आणि लायब्ररीला कागद शुक्रवारपर्यंत हवा असतो.

> तपासा: ट्रॅकमधला प्रत्येक आवाज कुठून आला, हे एका ओळीत लिहिता येतंय का? एकही ओळ 'माहीत नाही' असेल तर तो आवाज बदला.

५. रचना: एडिटरच्या कात्रीसाठी

दोन ते अडीच मिनिटं पुरे. प्रस्तावना चार-पाच सेकंदांत संपवा, एडिटर ट्रॅक ऐकत नाही, चाळतो. एकच भाव धरा आणि त्याची तीव्रता वाढवत न्या. दर आठ किंवा सोळा मात्रांनी काहीतरी येऊ दे नाहीतर जाऊ दे, म्हणजे कापायला जागा मिळते. मध्ये एकदा सगळं थांबवा, अर्धा सेकंद का होईना. निवेदकाच्या आवाजाच्या पट्ट्यात सतत वाजणारी चाल ठेवू नका.

शेवट ठाम हवा. फेडआउट, म्हणजे आवाज हळूहळू विरवणं, नको. आपल्याकडे यासाठी तयार हत्यार आहे, तिहाई. समेवर येऊन थांबणारी तिहाई म्हणजे एडिटरला हवं असलेलं 'बटन एंडिंग'च.

६. आवृत्त्या: इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात

एक ट्रॅक म्हणजे एक फाइल नव्हे. निदान एवढं लागतं: पूर्ण मिक्स, मुख्य चालीविना, तालाविना, ६० सेकंद, ३० सेकंद, १५ सेकंद, एक छोटा ठसका, आणि स्टेम. गायन किंवा 'हुर्रर्र' असलं काही असेल तर त्याविनाही एक.

छोट्या आवृत्त्या फेड मारून करायच्या नसतात, त्या मापून बांधायच्या असतात. ३० सेकंदांची आवृत्ती गुंजेसकट २९.५ सेकंदांत संपली पाहिजे. समजा दादरा आहे, सहा मात्रांचा, लय मिनिटाला १२० मात्रा. एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे आवर्तन ३ सेकंदांचं. नऊ आवर्तनं २७ सेकंदांत होतात, दहाव्याच्या समेवर शेवटचा ठोका आणि अडीच सेकंद गुंज, झाले २९.५. त्याच हिशेबाने १५ सेकंदांसाठी चार आवर्तनं आणि पाचवी सम, ६० साठी एकोणीस आणि विसावी सम. तीनही आवृत्त्या अचूक बसतात, कारण लय सोयीची निवडली. १२० च्या जागी ११७ घेऊन बघा, शेवटी कात्री लावत बसावं लागेल. म्हणून लय ठरवतानाच हा हिशेब करा.

स्टेमचे नियम: सगळे एकाच बिंदूपासून सुरू, सगळ्यांची लांबी सारखी, आणि एकत्र वाजवले की पूर्ण मिक्स जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे. मास्टरवर कॉम्प्रेसर लावलेला असेल तर तसं होत नाही, कारण प्रत्येक स्टेमला तो वेगळा दाबतो. खात्री करायची असेल तर सगळे स्टेम एका सेशनमध्ये आणा, पूर्ण मिक्सची फेज उलटी करून शेजारी ठेवा आणि वाजवा. शांतता पसरली तर बरोबर. काही ऐकू आलं तर ते कुठेतरी हरवलंय किंवा जास्त झालंय. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

आणि प्रत्येक स्टेम एकटा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हेडफोनवर ऐका. डोंबिवलीच्या घरात मी दिमडी रेकॉर्ड केली होती, बेडरूमच्या दाराला गोधडी लावून. पूर्ण मिक्समध्ये सगळं स्वच्छ. दोन महिन्यांनी एडिटरने दिमडी आणि तानपुरा एवढेच दोन स्टेम एका शांत दृश्याखाली लावले आणि मला फोन केला, "एक मिनिट बारा सेकंदांवर हे कोणतं वाद्य आहे?" शेजारच्या कुकरची शिट्टी होती. मिक्समध्ये ती ढोलाखाली गाडली गेली होती, स्टेमने उकरून काढली. तेव्हापासून रेकॉर्डिंग दुपारी तीन ते पाच.

> सावध: आवृत्त्या 'मागितल्या की काढू' म्हणून ठेवू नका. सहा महिन्यांनी प्लगइनची मुदत संपलेली असते, सेशन उघडत नाही आणि एडिटरला उत्तर तासाभरात हवं असतं.

७. पाठवणं

ईमेल पाच ओळींचा. तुम्ही कोण, कुठल्या कल्पनेचा अल्बम, तीन ट्रॅकची स्ट्रीमिंग लिंक, सगळे हक्क तुमच्याकडे आहेत हे एक वाक्य, सोसायटीचं नाव. फाइली जोडू नका, डाउनलोडची मुदत संपणारी लिंक देऊ नका. लायब्ररीच्या साइटवर सादर करण्याचे नियम दिले असतील तर तेच पाळा, मालकाला लिंक्डइनवर गाठण्याचा आगाऊपणा नको.

तीनच ट्रॅक का, याचं उत्तर असं की लायब्ररी बऱ्याचदा म्हणते, "कल्पना आवडली, पण लय वाढवा आणि गायन काढा." बारा ट्रॅक पूर्ण करून बसलेल्या माणसाला हे वाक्य जिव्हारी लागतं. तीन केलेला उरलेले नऊ तसे बनवतो. सहा आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या, मग पुढच्या लायब्ररीकडे जा.

८. करार: सहीची घाई नको

हा टप्पा सावकाश वाचा. करार पीडीएफमध्ये येतो, सोबत "हा आमचा नेहमीचाच मसुदा आहे" असं गोड वाक्य असतं. नेहमीचाच असेल, पण तो त्यांच्या नेहमीचा.

रायटर्स शेअर. तो शंभर टक्के तुमच्याकडे राहतो का ते आधी शोधा. लायब्ररीचा मालक सहसंगीतकार म्हणून स्वतःचं नाव घालायला सांगत असेल तर उठून या.

टक्का कशाचा. 'निम्मे तुमचे' याला अर्थ नाही जोवर कशाच्या निम्मे ते लिहिलेलं नाही. समजा जर्मनीत १०,००० रुपयांचा वापर झाला. तिथला उपप्रकाशक, म्हणजे लायब्ररीचा स्थानिक प्रतिनिधी, ५,००० ठेवतो आणि ५,००० लायब्ररीला पाठवतो. करारात 'लायब्ररीला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या' असं असेल तर तुम्हाला २,५०० मिळतात. 'मूळ ठिकाणच्या रकमेच्या' असेल तर ५,०००. बहुतेक करार पहिल्या प्रकारचे असतात. निदान समजून सही करा.

मुदत आणि परतीचा हक्क. 'कायमस्वरूपी' असेल तर आगाऊ रक्कम मागा, नाहीतर तीन ते पाच वर्षांची मुदत. भारतीय कॉपीराइट कायदा इथे आपल्या बाजूने बरंच बोलतो. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलेच नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं ठरवलं नसेल तर. हे 'वेगळं' बारीक अक्षरात हमखास ठरवलेलं असतं. 'कलम १९(४) लागू होणार नाही' असं वाक्य दिसलं की तेच ते.

रॉयल्टी सोडून देण्याचं कलम. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला भारतीय कायद्याखाली सोडून देता येत नाही, सही केली तरी. तरीही इथल्या काही निर्मात्यांच्या एकरकमी करारांत 'सर्व रॉयल्टीचा त्याग' असं छापलेलं येतं. काढायला सांगा. करार परदेशी कायद्याखाली असेल तर मात्र हे संरक्षण गृहीत धरू नका. कुठल्या देशाचा कायदा लागू, हे शेवटच्या पानावर असतं, आणि शेवटचं पान कुणी वाचत नाही.

नुकसानभरपाई. लूपचा मालक उभा राहिला तर वकिलाचा खर्च कोण देणार? जवळजवळ नेहमीच तुम्ही. चौथ्या टप्प्यातली ती ओळी-ओळींची यादी इथे कामाला येते.

वापरावरच्या मर्यादा. तुमचा ट्रॅक उद्या गुटख्याच्या जाहिरातीत किंवा नगरसेवकाच्या प्रचाराच्या रिक्षावर वाजू शकतो. नको असेल तर आत्ताच लिहून घ्या, नंतर तक्रार चालत नाही.

एआय. दोन वेगळे प्रश्न आहेत. ट्रॅक तुम्ही स्वतः बनवलाय याची हमी ते मागतील, ती खरी द्या. आणि तुमचा ट्रॅक ते एआयच्या प्रशिक्षणासाठी पुढे देऊ शकतात का, हे तुम्ही विचारा. करार त्यावर गप्प असेल तर एक वाक्य घालायला सांगा.

> तपासा: हे सगळं एका कागदावर सोप्या मराठीत लिहून काढा. एखादं कलम स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं नाही तर ते कळलेलं नाही. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाचा एक तास विकत घ्या. मायक्रोफोनवर त्याच्या दसपट घातलेत.

९. मेटाडेटा आणि डिलिव्हरी

मेटाडेटा म्हणजे ट्रॅकसोबत जाणारी लेखी माहिती. एडिटर ट्रॅक शब्दांनी शोधतो. म्हणून शब्द हीच दुकानाची पाटी. शीर्षक छोटं आणि वेगळं हवं. 'हॅपी इंडिया' नावाचे ढिगाने पडलेत. वर्णन दोन ओळींचं: भाव, वाद्यं, कुठे उपयोगी. 'मनाला भिडणारी अप्रतिम सुरावट' हे वर्णन नव्हे, आत्मस्तुती आहे. 'संबळ आणि खालच्या सुरातला सिंथ, हळूहळू वाढणारा ताण, गुन्हे-तपास, रात्रीचा पाठलाग' हे वर्णन. संबळ हा शब्द परदेशी एडिटरला माहीत नाही, तेव्हा 'जोडीचं चर्मवाद्य, काठीने वाजवलेलं' असं इंग्रजीत सोबत द्या.

फाइलचं नाव रोमन लिपीत आणि एकाच साच्यात: शीर्षक, आवृत्ती, लय, स्वर. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' ही नावं घरातल्या हार्ड डिस्कवरच राहू द्या. सोबत एक तक्ता: शीर्षक, संगीतकाराचं नाव, आयपीआय नंबर, वाट्याची टक्केवारी, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लायब्ररी देत असेल तर तो, वादकांची संमतिपत्रं. दोघांनी मिळून ट्रॅक केला असेल तर टक्केवारीवर दोघांच्या सह्या, रचना पूर्ण झाली त्याच रात्री. पहिला चेक आल्यावर माणसांना आपलं योगदान वाढल्यासारखं वाटतं.

१०. डिलिव्हरीनंतर

ट्रॅक प्रसिद्ध झाला की आयपीआरएसकडे त्याची नोंद आहे का बघा. लायब्ररी तिच्या बाजूने नोंदवेल, तरी तुम्ही तुमची नोंद आणि वाटा जुळवून घ्या. एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला १०० असेल तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

क्यू शीट म्हणजे कार्यक्रमात कुठला ट्रॅक किती सेकंद आणि कसा वाजला याची यादी: शीर्षक, संगीतकार, प्रकाशक, कालावधी, वापराचा प्रकार. रॉयल्टी तिच्यावरून निघते. आपल्या वाहिन्यांकडून ती बिनचूक जाईलच यावर मी कधीच विसंबत नाही. ट्रॅक कुठे वाजलेला ऐकलात तर कार्यक्रम, भाग, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे टिपा आणि लायब्ररीला कळवा. नातेवाइकांनाही कामाला लावा. माझी मावशी मालिका बघताना माझे ट्रॅक ओळखते आणि व्हॉट्सअॅपवर वेळेसकट कळवते. तिने आजवर दोन नोंदी मिळवून दिल्यात.

परदेशातून पैसे आले की बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला घ्या, आणि तिकडे कापलेल्या कराचा कागदही जपून ठेवा. अमेरिकेत कापलेले १५ टक्के इथल्या करातून वजा मिळू शकतात, पण त्यासाठीचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. सीएला मार्चमध्ये भेटा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही. जीएसटीचा प्रश्नही त्याच बैठकीत काढा.

शेवटी एक तक्ता करा आणि दर तिमाहीला भरा: ट्रॅक, लायब्ररी, करार सुरू झाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, नोटिशीची मुदत, सोसायटीतली नोंद, आजवर आलेले पैसे. आठ-दहा तिमाह्यांनंतर त्यात दिसायला लागतं की वीसातले तीन ट्रॅक कमावतायत आणि बाकीचे झोपलेत. त्या तिघांच्या जातीचे आणखी करा. झोपलेल्यांपैकी ज्यांचा करार संपत आलाय त्यांची नोटिशीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर एक महिना आधी टाका. अनेक करार नोटीस दिली नाही तर आपोआप पुढे चालू राहतात. नोटीस करारात सांगितली असेल त्याच मार्गाने पाठवा, ईमेल म्हटलं असेल तर ईमेल, पोस्टाने म्हटलं असेल तर पोस्टाने, आणि पोचपावती त्याच ट्रॅकच्या फोल्डरमध्ये ठेवा.